दोन वाजताची कूस

घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची, हे माझं काम. बावीस वर्षं झाली. जखमा धुते, नळ्या बदलते, औषधं देते आणि म्हाताऱ्यांशी भांडतेही, कारण पुष्कळदा त्यांच्याशी भांडायला दुसरं कोणी उरलेलं नसतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. इतक्या माणसांचे डोळे मी या हातांनी मिटलेत, की कोणी परत येणार असतं तर आमच्या शुश्रूषा केंद्राच्या दारात रांग लागली असती. तेव्हा हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. मला एक काळजी लागून राहिलीय, आणि ती एकटीच्या पोटात मावत नाही.

त्या दिवशी मी फक्त एक गादी परत आणायला निघाले होते.

गादी आमच्या केंद्राची, हवेची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ती पलंगावर घालतात. कडेला एक छोटा पंप घरघरत असतो आणि गादीचे कप्पे आळीपाळीने फुगत राहतात. ही गादी चार वर्षं एका आजींच्या पाठीखाली होती. आजी नव्वदीच्या, कमरेखाली लुळ्या, पण डोकं असं तल्लख की एक गोळी चुकली तर मला फैलावर घ्यायच्या. आजोबा त्र्याण्णवचे. त्यांचं नेमकं उलट. हातपाय ठणठणीत, पण डोक्यात काही म्हणजे काही टिकत नसे. कप हातात घेतला की त्याचं पुढे काय करायचं, हेही विसरायचे.

दोघं मिळून मात्र एक धडधाकट माणूस होत असे. आजी पलंगावरून सांगत, आजोबा करत. "अहो, गॅस बंद करा. उजवीकडे फिरवा. आता गाळणं घ्या. ते नाही, शेजारचं." हे दिवसभर चालायचं. अधूनमधून आजोबा गाळणं हातात धरून अदबीने विचारत, "बाई, आपण कोण?"

"तुमची बायको. अडुसष्ट वर्षं झाली, आता तक्रार करून उपयोग नाही. चहा गाळा."

आणि आजोबा खूश होऊन चहा गाळत. मला त्या दोघांचा फार लळा होता.

दर दोन तासांनी आजींची कूस बदलायची असे. अशा माणसाच्या अंगाखाली एक आडवी चादर घालून ठेवतात. तिच्या कडा गुंडाळून घट्ट धरायच्या आणि एक, दोन, तीन म्हणत माणसाला कुशीवर वळवायचं. घड्याळ बघायच्या आजी, आकडे मोजायच्या आजी, ओढायचे आजोबा. मग भिंतीवरच्या तक्त्यात खूण करायची. चार वर्षांत आजींच्या पाठीवर साधा लाल डाग उठला नाही.

आजी गेल्या. पहाटे, झोपेत. मुलगी परगावाहून आली, आठ दिवस राहिली आणि नोकरीसाठी परत गेली. जाताना शेजारच्या काकूंना जेवणाचं सांगून गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला तिचा फोन आला.

"सिस्टर, गादी न्यायला जाणारच आहात, तर बाबांकडे जरा नीट बघा. रविवारी मी त्यांना न्यायला येतेय. विसराळू म्हाताऱ्यांची एक संस्था आहे. दाराला कुलूप असतं तिथे..." ती रडायला लागली. "तुम्ही म्हणालात की ते घरात राहू शकतील, तर नाही नेणार. माझा तुमच्यावर भरवसा आहे."

तसल्या संस्था मी पाहिल्यात. वाईट नसतात. पण त्र्याण्णवाव्या वर्षी ओळखीच्या भिंती सुटल्या की माणूस जेवणाकडे पाठ फिरवतो. दोन महिने, फार तर तीन. आणि घरी ठेवावं, तर गॅस कोण बंद करणार? मी जड पायांनीच जिना चढले.

दार आजोबांनी उघडलं. दाढी केलेली, शर्टाची बटणं नीट लावलेली.

"या सिस्टर."

चार वर्षांत त्यांनी मला एकदाही ओळखलं नव्हतं.

घर लख्ख होतं. आतल्या खोलीतून पंपाची घरघर येत होती. पलंगावर आडवी चादर एकही सुरकुती न ठेवता ताणलेली. पाठीला लावायच्या पावडरीचा वास येत होता, आणि तो जुना नव्हता, आत्ताच कोणीतरी चोळल्यासारखा होता. मी तक्त्याकडे पाहिलं. आठ वाजता डावी. दहा वाजता पाठ. बारा वाजता उजवी. तारीख आजची.

सवय, मी मनात म्हटलं. हातांना लागलेली सवय.

आजोबांनी चहा टाकला. मी दारात उभी राहून बघत होते. मध्येच ते थबकायचे, मान कलती करायचे, "हो, हो, ऐकलं" म्हणायचे आणि पुढचं करायचे. गॅस बंद झाला. गाळणं बरोबर निघालं. कप माझ्या हातात देताना पुन्हा थांबले.

"ती म्हणते, तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं नाही. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर आहे, पिठाच्या मागे."

डबा तिथेच होता. मी काही खाल्लं नव्हतं, हेही खरं. पण नर्सनी सकाळपासून काही खाल्लेलं नसतंच, ते सांगायला कोणी परत यायला नको. मी बिस्किटं खाल्ली.

मग माझ्या हातून चूक झाली. आमच्या कामात असे प्रश्न विचारायचे असतात: आज वार कोणता, घरात कोण कोण राहतं. उत्तर चुकलं तर हळूच दुरुस्त करायचं, असा नियम.

"आजोबा, घरात कोण कोण राहतं?"

"आम्ही दोघं."

"आजी नाहीत आता," मी त्यांचा हात धरून म्हटलं. "गेल्या आठवड्यात गेल्या. आठवतं ना?"

त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलं. हातातला कप कलंडला, चहा पायावर सांडला, तरी पाय हलला नाही. मागे खुर्ची होती. खुर्चीत बसायचं कसं, हेच त्यांना कळेना. तोंड उघडं, श्वास अडकत अडकत... मी त्यांना धरलं, खाली बसवलं, हाका मारल्या. डोळे माझ्याकडे होते, पण त्यांत कोणीच नव्हतं. शहाणपणा करून मी एका माणसाला दोन वाक्यांत संपवलं होतं. मला रडू आलं.

घरात पंपाशिवाय आवाज नव्हता. आणि मग पंपही थांबला.

त्या शांततेत आजोबांची मान हळूहळू कलती झाली.

"हो..." ते पुटपुटले. श्वास सुटला. "हो, घेतो. नाकाने... सोडतो." छाती वर झाली, खाली आली. डोळ्यांत पुन्हा माणूस आला. पंप सुरू झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा संकोचून.

"ती म्हणते, सिस्टरांना रागावू नका, त्यांना नियम असतात."

घड्याळात दोनला दोन मिनिटं कमी होती. आजोबा उठले आणि पलंगाशी गेले. चादरीची कड गुंडाळायला लागले, तोच कळवळून कमरेवर हात ठेवला.

"आज पाठ धरलीय. तुम्ही त्या बाजूने धरता?"

मला पळून जाता आलं असतं. पण मघाशी त्या म्हाताऱ्याचं काय झालं होतं, ते मी पाहिलं होतं. एका रिकाम्या चादरीला हात लावायचा, एवढंच तर होतं. मी पलीकडे गेले आणि कड मुठीत घेतली.

आजोबांनी ऐकत ऐकत आकडे म्हटले. "एक... दोन... तीन."

मी ओढलं, आणि वजन आलं.

हात खोटं बोलत नाहीत. बेचाळीस किलोच्या आसपास, कमरेकडे जास्त, पाय सैल. वळताना गादी डाव्या बाजूला दबली, कप्पे चरचरले आणि चादर एका जागी खोलगट होऊन राहिली. मला आरडाओरडा करायला हवा होता. पण बावीस वर्षांच्या सवयीने तोंडातून वेगळंच निघालं.

"पाठ कशी आहे आजी?"

आजोबांनी कान दिला आणि हसले. "ती म्हणते, पाठ बरी आहे. तुमचे हात फार गार आहेत."

जिना उतरून मी खालच्या पायरीवर बसले आणि मुलीला फोन लावला. म्हटलं, बाबांना घरीच राहू दे. "एकटे राहतील?" ती म्हणाली. "राहतील," मी म्हटलं, "मी येत जाईन." केंद्रात सांगितलं की गादीचा पंप बिघडलाय, दुरुस्तीला टाकलाय.

याला आता सात महिने झाले. दर मंगळवारी दोन वाजता मी त्या बाजूने धरायला जाते. आजोबा छान आहेत. आजी काय म्हणतात ते अक्षरन् अक्षर मला सांगतात, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात तेसुद्धा. भीती कधीच गेली होती. खरं सांगायचं तर मी मंगळवारची वाट बघायचे.

पण गेले काही आठवडे वजन उतरतंय. आधी वाटलं, माझा भास. मग अडतीस, मग पस्तीस. काल "तीन" म्हटल्यावर चादर इतकी हलकी आली की माझा तोल गेला.

"काय झालं सिस्टर?"

"काही नाही. आजी... आजी जरा बारीक झाल्यात का हो?"

आजोबांनी मान कलती केली. बराच वेळ ऐकलं. मग पलंगाच्या कडेला बसले, खोलगट भागावर हात ठेवून बसूनच राहिले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

त्यांनी पहिल्यांदाच मला सांगितलं नाही.