गळ्यापर्यंत भरलेली बरणी

"सून माझ्या आईला विष घालतेय. लवकर या!"

फोन काल आला होता. फौजदारबाई आज पोचल्या. ठाण्यात गाडी एक, माणसं हवीत त्याच्या निम्मी, आणि तक्रारी मात्र रतिबासारख्या. तिसऱ्या मजल्यावर चढताना बाईंच्या गुडघ्यांनीही तक्रार केली. ती नोंदवून घ्यायला कुणी नव्हतं.

दार सुनेनं उघडलं. डोळे सुजलेले, हात ओले. मागे तिचा नवरा भिंतीला टेकून उभा. खुर्चीत ताई, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. फोन तिचाच.

"हिला घेऊन जा आधी," ताई म्हणाली. "आई दवाखान्यात पडलीय. किडनी आधीच अर्धी गेलेली. सगळं मोजूनमापून खाते. आणि डॉक्टर म्हणतात, रक्तात पोटॅशियम इतकं वाढलंय की हृदय बंद पडायला आलं होतं. कुठून आलं ते? आभाळातून?"

"स्वयंपाक कोण करतं?"

"हीच. दुसरं कोण?"

"तुम्ही इथेच राहता?"

"दोन गल्ल्या सोडून. पण रोज फेरी असते माझी. मी स्वतः बीपीची पेशंट आहे मॅडम, पथ्यपाणी मला कळतं. हिला काय कळतंय!"

नवरा काहीच बोलला नाही. त्याचा तोच धंदा असावा.

बाई सुनेला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. ते तोंडावर दिसत असावं, कारण सुनेनं न विचारता उकडलेलं अंडं सोलून बशीत ठेवलं. जिच्यावर संशय तिच्या हातचं खाऊ नये, हे बाईंना माहीत होतं. भूकही माहीत होती. टेबलावरची मीठदाणी त्यांनी अंड्यावर झटकली आणि घास घेतला. जीभ कडवटली. जागरणाचं तोंड, दुसरं काय!

"सासूबाई काय खात होत्या?"

"डॉक्टरांनी सांगितलेल्या भाज्या, भात, सूप. हल्ली म्हणायच्या, 'कडू लागतंय गं.' ताई म्हणाल्या, माझ्या हातालाच चव नाही."

"मीठ?"

"चिमूटभर. तेही संपत आलं होतं, चमचा तळाला खडखडत होता. आणायला निघाले, तेवढ्यात त्या कोसळल्या. तेव्हापासून इथे अंड्यांपलीकडे काही शिजलेलं नाही."

बाईंनी फळीकडे पाहिलं. मिठाची बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती.

"सामान कोण भरतं?"

"मीच. कधी ताई घेऊन येतात. पाकीट फोडायचं, डब्यात ओतायचं, पाकीट कचऱ्यात. वर आठवडाभर उपकार ऐकवायचे."

बाईंनी बरणीतलं मीठ जिभेवर ठेवलं. खारट. नुसतं खारट. मग मीठदाणी तळहातावर उलटी केली आणि चाटून पाहिलं.

आधी खारट. मागून कडू.

"कोपऱ्यावर दुकान आहे ना? आलेच."

म्हणजे पुन्हा तीन मजले खाली, पुन्हा तीन मजले वर. परत आल्यावर त्या धापा टाकत खुर्चीत बसल्या आणि एक पाकीट ताईपुढे ठेवलं. वर लाल हृदय. खाली ठळक अक्षरं: 'कमी सोडियम'.

"ओळखता?"

ताईनं नजर वळवली. "मीठ आहे. खूप जण खातात."

"तुम्हीही खाता. बीपीसाठी. तेच आईसाठी आणलंत आणि बरणीत ओतलंत. पाकीट कचऱ्यात गेलं, मग सुनेला कळणार कसं? ती बिचारी चिमटी-चिमटीनं घालत राहिली. ह्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम घालतात. बिघडलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. साठत जातं."

"मला काय माहीत? हृदयाचं चित्र होतं! चांगलंच वाटणार ना?"

"वाटणारच. वाटावं म्हणूनच छापतात. चित्राला पुढची अख्खी बाजू, आणि इशाऱ्याला मागे मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. छापणाऱ्यांना मला बेड्या घालता येत नाहीत, हेच दुखणं आहे." बाईंनी कपाळ चोळलं. "इथपर्यंत तुमची चूक होती, गुन्हा नव्हता. फोन केलात तेव्हा तुम्हाला खरंच हिचा संशय होता. मग डॉक्टर पोटॅशियम म्हणाले. तुम्ही घरी जाऊन आपलं पाकीट उलटं केलंत. वाचलंत. आणि इथे येऊन बरणी रिकामी केलीत, साधं मीठ भरलंत. घाईत गळ्यापर्यंत."

"बरणी हिनं भरली असेल!"

"मग तळाला गेली होती, असं ती मला कशाला सांगेल? बरणी बदललीत ताई, पण मीठदाणी विसरलात. ती जुन्याच मिठानं भरलेली आहे. आता प्रयोगशाळेत जाईल."

ताईचा चेहरा उतरला. "सांगितलं असतं तर ह्या घरात माझी काय किंमत राहिली असती?"

"आणि आईनं घरी येऊन पुन्हा ह्याच मीठदाणीतलं खाल्लं असतं, तर?"

बाईंनी दवाखान्यात फोन लावला, डॉक्टरांना मिठाचं सांगितलं, मीठदाणी पिशवीत घातली.

"चला. खोटा ठपका आणि बदललेला पुरावा, दोन्हीचा जबाब ठाण्यात."

दोघी दाराशी पोचल्या तेव्हा कुठे नवऱ्याला कंठ फुटला. तो बायकोला म्हणाला, "मला वाटलंच होतं, तू असं करणार नाहीस."

"वाटलं होतं? मग कालपासून मिठाची गुळणी धरून का उभा होतास?"

तिनं पाकीट उचललं, उलटं केलं आणि त्याच्या हातात कोंबलं.

"मागची बाजू. वाच. मोठ्यानं."

त्यानं पाकीट डोळ्यांजवळ नेलं. लांब धरलं. खिडकीपाशी गेला.

"मूत्रपिंडाचा... विकार असल्यास..." तो अडखळला. "दिसत नाही गं. माझा चष्मा कुठाय?"

"शोध," ती म्हणाली.