उत्तराला उत्तर

इंदोरा चौकातून कामठीला जाणाऱ्या शेअर ऑटोत तो पहिल्यांदा भेटला, तेव्हा मी सातवीच्या वर्गावर ओरडून ओरडून अर्धमेली झाले होते. "सरका ना मॅडम," म्हणत ऑटोवाल्या भैयाजींनी मला आत ढकललंच. कोपऱ्यात तो, त्याच्या डाव्या हाताला मी.

"लय थकल्या दिसता?" त्याच्या शर्टाला सुताचे तंतू चिकटलेले. नाव प्रशिक, कामठीत पॉवरलूम दुरुस्त करायचा.

"पोरं विचारतात, एवढे तारे आहेत तर तिकडून कोणी बोलत का नाही? मला उत्तर देता आलं नाही. तेही नाव उत्तरा असून!"

तो माझ्या ओठांकडे एकटक बघत ऐकत होता... मेल्याला लाजच नाही, असं वाटलं. आवडलंही.

"सगळे नुसते ऐकूनच राहिले असतील, मॅडम. पहिले बोलाचं कोणी?"

मग रोज तोच विषय. एका संध्याकाळी मीच धीर केला. बाहेर बघत, बसक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही... मला आवडता."

तो गप्प. कामठी येईपर्यंत गप्प.

तीन महिने झाले त्याला. ताऱ्यांवर आम्ही बोलायचो, त्यावर नाही. वाट बघूनही माणूस दमतं हो. काल तो म्हणाला, "मौद्याले नोकरी लागली, पॉवर प्लांटात. सोमवारपासून जातो." मी नुसतं "बरं" म्हटलं. भांडायचंही त्राण नव्हतं.

आज त्याची शेवटची फेरी. मी आधी चढून कोपऱ्यात बसले, तो नंतर आला.

"बरं झालं, आज या बाजूनं बसल्या," तो म्हणाला. "डावा कान लूमच्या खडखडाटानं खाल्ला ना माझा. तोंड दिसलं तं समजते, नाही तं काहीच नाही."

तीन महिने मी एका बहिऱ्या कानावर रुसून बसले होते!

"मग सांगितलं का नाही आधी?"

"लाज वाटे मले..."

घसा बसलेलाच होता. तरी जीव खाऊन ओरडले, "तुम्ही मला आवडता!"

भैयाजींनी ब्रेकच मारला. प्रशिक कानापर्यंत लाल.

"मौदा काही ताऱ्यावर नाही, मॅडम," तो हळूच म्हणाला. "बस येते रोज... अन् ते पुन्हा म्हणा ना."

"आत्ताही ऐकू आलं नाही?"

"आलं ना. म्हणून तं म्हणून राहिलो."