बुधवारी न होणारी चोरी

“या पृथ्वीच्या पाठीवर चोरता येत नाही अशी एकच वस्तू शिल्लक हाय, अन् ते म्हणजे ऊन!” देवीदास सोनटक्के यांनी बुधवारी सकाळी दहा वाजता, चहाची बशी हातात धरून, समस्त मानवजातीला जाहीर केलं.

मानवजातीतर्फे त्या वेळी फक्त त्यांच्या वहिनी विजयाबाई हजर होत्या. त्यांनी तोंडासमोरचा पेपर खाली घेतला नाही.

दहा वाजून दोन मिनिटांनी दारात एक गृहस्थ उभे राहिले. डोळ्यांवर काळा चष्मा, काखेत जाड रजिस्टर.

“विजयाताई,” ते म्हणाले, “माहं ऊन चोरीले गेलं.”

देवीदासांनी बशी खाली ठेवली.

सेक्टर सहामधल्या त्या क्वार्टरवर नाव विजयाबाईंच्या मुलाचं होतं, पण दारावर ‘खाजगी तपास’ ही पाटी त्यांची स्वतःची होती. पोलाद प्लांटच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खात्यात, त्यांनी सव्वीस वर्षं काढली. कोणाचं कार्ड कोणी पंच केलं, हे त्या हजेरीपटाकडे नुसतं पाहून सांगत. देवीदास दुर्ग लाइनवरचे निवृत्त गार्ड. सगळ्या गोष्टी शेवटच्या डब्यातून पाहायची त्यांची सवय तपासातही सुटली नव्हती.

गृहस्थ होते पंजाबराव ढोबळे, कोक ओव्हनचे, म्हणजे प्लांटमधल्या कोळसाभट्टीचे, निवृत्त फोरमन. घर जुनवानीला, छतावर सोलरची सहा पॅनेल.

“तीन तारखेपासून चालू हाय,” त्यांनी रजिस्टर उघडलं. तारीख, वेळ, आकाश, शेरा, सगळे रकाने प्लांटच्या लॉगबुकासारखे आखलेले होते. “पहिल्या दिवशी पाऊण तासच करंट कमी पडला. पन मोबाइलवर सारं दिसते. चार तारखेपासून मी स्वतः छतावर ड्यूटी लावली, दहा ते एक. तर त्याची हिंमत पहा! त्याच दिवसापासून रोज दहा ते एक, तिसरा हिस्सा गायब!”

“अन् एकच्या नंतर?” विजयाबाईंनी विचारलं.

“एकले माही बायको वच्छला चार्ज घेते. मंग सारं नॉर्मल. जेवून झोपत असंन चोर.”

“सुट्टी घेते का तो?”

“बुधवारी! दर बुधवारी ग्राफ एकदम साफ. अन् बुधवारी कोन घरी नसते? माह्या बाजूचा टिकाराम. उतईच्या शेतावर जाते.” पंजाबरावांचा आवाज चिरकला. “अठ्ठावीस वर्षं एका डब्यात जेवलो, ताई. मले गॅस लागला तवा यानंच खांद्यावर टाकून तीन माळे खाली आनलं. अन् आता माहंच ऊन चोरून राहिला!”

“पण ऊन चोरते कसं?” देवीदासांनी विचारलं.

“ते तुमी शोधा. उद्या पाच वाजेपर्यंत. पाचले मी ठाण्यात अर्ज देनार. लिहून तयार हाय.” त्यांनी खिशावर हात ठेवला.

“आज पहारा सोडून कसे आले?” विजयाबाईंनी सहज विचारलं.

“आज माहा रेस्ट.”

प्लांटवाल्याची साप्ताहिक सुट्टी म्हणजे रेस्ट. ती रविवारीच असेल असं नाही, आणि एकदा अंगात भिनली की निवृत्तीनंतरही जात नाही. विजयाबाईंनी वहीत एकच शब्द लिहिला. देवीदासांनी वाकून पाहिलं. ‘रेस्ट’. वहिनी थकल्या असाव्यात असं त्यांना वाटलं.

*

जुनवानीच्या छतावर सहाही पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून कलती बसवलेली होती. त्यांच्यापुढे दोन हात जागा, मग कठडा, आणि कठड्यापलीकडे, एक माळा खाली, टिकारामचं छत.

“मी इथं बसतो,” पंजाबरावांनी पॅनेल आणि कठडा यांच्यामधली जागा दाखवली. “तोंड टिकारामकडं. तीन तास! एकदाबी मांगं वळून नाई पाहिलं. चोर समोरूनच येनार ना?”

“अन् वच्छलाबाई?”

“ते जिन्याच्या सावलीत बसते, पॅनेलाच्या मांगं. तुरीच्या शेंगा सोलत. तिच्यात फोरमनचं मटेरियल नाई.”

जिन्यात इन्व्हर्टर होता, आणि त्याखाली ड्यूटीची खुर्ची अन् तिच्या पाठीला तारेनं बांधलेली काळी मोठी छत्री. डिसेंबरात पंजाबरावांचा मोतीबिंदू काढला होता, डॉक्टरनं उन्हापासून डोळे जपायला सांगितले होते. देवीदासांनी दांड्यावर रंगवलेली लाल अक्षरं वाचली : ‘टी.आर.’

“मजबूत कंपनी दिसते,” ते म्हणाले.

पॅनेल बसवणाऱ्या सुमेधला बोलावलं होतं. तो आला तोच वैतागून.

“मॅडम, माल एकदम ओके है. खराब पॅनल दुपारी एक वाजता बरं होते का? अन् बुधवारी? धूळ असती तं दिवसभर कमी दाखवलं असतं. मी अंकलले सांगितलं होतं, सकाळी ऊन चढायच्या आधी साध्या पाण्यानं धुवा, पंप अन् वॉशिंग मशीन दुपारी चालवा, बस! लेकिन एक बात है. ये छहों एक लाइन में हैं. एक-दोघांवर सावली पडली, की पूर्ण लाइन डाउन.”

“बाजूच्या मुनग्याची सावली?” रजिस्टरातल्या एका शेऱ्यावर बोट ठेवून विजयाबाईंनी विचारलं.

“शेवग्याची? ते झाड तं आता हायच नाई.”

स्वयंपाकघरात वच्छलाबाईंनी विजयाबाईंचा हातच धरला. आधी दार लावून घेतलं.

“ताई, तीन तारखेले मीच मुंगवड्या घातल्या होत्या त्या पॅनेलवर. काच कशी छान तापते! पाऊण तासात साऱ्या घसरून खाली आल्या. त्याच्यानंतर हात नाई लावला, शप्पथ! पन यायले सांगू नका. यायचं प्रेशर एकशे नव्वद झालं. रात्री उठून रजिस्टर वाचतेत. उद्या टिकारामभाऊच्या दारी पोलिस आले, तं मी ताराले कोन्या तोंडानं पाहू? वीस वर्षं झाली, तिच्या घरची भाजी माह्या घरी, माह्या घरची तिच्या.”

टिकाराम संध्याकाळी उतईहून आला. त्याच्या अंगणात मुनग्याचा बुंधा होता, ताजा, पांढरा, कमरेएवढा. बायको तारा ओट्यावर पाठ फिरवून बसली होती.

“ढोबळे बोले, तुम्हारे पेड़ की छाया पड़ती है. दस तारीख को काट दिया,” टिकाराम बुंध्याकडे न पाहता म्हणाला. “फलियाँ लगी थीं. चोरी तो फिर भी चालू है. अब आप ही बताइए मैडम, और क्या काटूँ?”

परत येताना देवीदासांनी स्कूटर दोनदा चुकीच्या चौकात वळवली.

“वैनी, ह्या माणसाले उद्या ठाण्यात नेतीन काय?”

“अकराले साऱ्यायले छतावर बोलावलं हाय,” विजयाबाई म्हणाल्या. “समोर पाहून चालवा.”

*

गुरुवारी अकरा वाजता पंजाबराव ड्यूटीवर होते. खुर्ची, छत्री, काळा चष्मा, हातात मोबाइल, खिशात अर्ज. वच्छलाबाई, तारा आणि सुमेध जिन्याच्या दाराशी. टिकाराम एका कडेला, हात बांधून. देवीदासांना इन्व्हर्टरसमोर उभं केलं होतं.

“भाऊजी, आकडा?”

“तेराशे वीस वॅट!” देवीदास ओरडले.

“पहा! पहा! चोरी चालू हाय!” पंजाबराव समोरच्या छताकडे बोट नाचवू लागले. “अन् हा इथं उभा राहून करून राहिला!”

“पंजाबराव, छत्री मिटा.”

“डॉक्टरनं सांगितलं—”

“दोन मिनिटं. मिटा.”

छत्री मिटली. जिन्यातला आकडा चढू लागला.

“एकोणीसशे ऐंशी!” देवीदास धावत बाहेर आले. “वैनी, चोर पळाला!”

“पळाला नाई. खुर्चीवर बसला हाय. पंजाबराव, आता छत्री उघडा, अन् अठरा दिवसांत पहिल्यांदा मांगं वळून पहा.”

पंजाबराव वळले. त्यांच्या छत्रीची गोल काळी सावली दोन पॅनेलांवर जावयासारखी पसरली होती.

विजयाबाईंनी रजिस्टर उघडलं.

“टाइम ऑफिसात मी एकच काम शिकली. कोन हजर हाय ते नाई पाहायचं. कोन कोनासंग गैरहजर राहते, ते पाहायचं. बुधवारी टिकारामभाऊ नसतेत, बरोबर. पन बुधवारी तुमचाबी रेस्ट असते. एकले तुमी खाली गेले की चोरी बंद. वच्छलाबाई पॅनेलाच्या मांगं बसते, तिची सावली पॅनेलावर पडतच नाई. पहारा चार तारखेले लागला, तवाच चोरी पाऊण तासाची तीन तास झाली. टिकारामभाऊचं छत माळाभर खाली. राहिलं झाड, ते दहा तारखेले तुटलं, तरी तुमच्या रजिस्टरात अकरा तारीख तशीच.”

“पन एवढ्याशा सावलीनं?” पंजाबरावांचा आवाज कुठून तरी खोलातून आला.

“सहा गडी लाइनीत उभे राहून विटा पास करून राहिले. मधातल्या दोघायनं हात बांधले, तं विटा किती जातीन? हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं, खाली असते. तुमी त्याच्या अन् पॅनेलाच्या मधात छत्री धरून बसले, अन् चोर समोर शोधला.”

“पन वैनी,” देवीदासांच्या डोक्यात उजेड पडायला लागला होता, तोही नेमका नको तिथं, “तीन तारखेले तं पहाराच नव्हता. मंग त्या दिवशी—”

“ढग होते.”

“पन रजिस्टरमधी ‘आकाश निरभ्र’ लिहिलं हा—”

विजयाबाईंची चप्पल त्यांच्या पायावर पूर्ण वजनानं पडली. वच्छलाबाई पदराचं टोक अत्यंत बारकाईनं तपासत होत्या.

पंजाबरावांनी खिशातला अर्ज काढला, चार घड्यांचा. तो फाडायचं त्यांना सुचेना. त्यांनी चष्मा काढला. कठड्यापलीकडे, खालच्या अंगणात, तो पांढरा बुंधा उन्हात स्वच्छ दिसत होता.

“टिकाराम,” ते म्हणाले. “तुहा मुनगा… मी तुले…” साठी ओलांडलेला फोरमन भर छतावर लहान पोरासारखा हुंदका देऊन गेला.

टिकाराम सावकाश पुढे आला. खुर्चीपाशी थांबला. तारानं श्वास रोखला, वच्छलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, देवीदासांनी टाळ्या वाजवायला हात वर घेतले.

टिकारामनं छत्रीच्या दांड्यावरच्या लाल अक्षरांवरून अंगठा फिरवला.

“ढोबळे,” तो म्हणाला, “असाढ़ में ले गए थे. अब तो मेरा छाता लौटा दो.”