मधला मरवा

भरमू निपाणीला आला तेव्हा मी तंबाखूच्या वखारीपुढं बैलांना पाणी पाजत होतो. गाडी भरून झाली होती, दोर आवळायचा राहिला होता. चुलतभाऊ बेळगुंदीहून इतक्या लांब कशाला आला, हे मी विचारलंही नाही. "दम खा, पाणी पी," म्हणालो.

त्यानं पाणी घेतलं नाही.

"अण्णा, वैनी गेल्या. मानमोडीच्या तापानं. तुमची वाट बघता आली न्हाय. गावात रोज चार-पाच जात्यात."

मी दोर आवळला. मग सोबतीच्या गाडीवानाला बैल सांभाळायला सांगितलं आणि निघालो. घरी पोचलो तेव्हा राखही सावडून झाली होती.

परसात माझ्या बायकोची, जयवंताची, बाग होती तशीच होती. तिची फुलं खडेबाजारात जायची, पण तिनं ती विकायसाठी लावली नव्हती. कुठल्या वासाशेजारी कुठला वास बसवायचा, यातच तिचा जीव. विहिरीच्या काठाला वाळा, कुंपणाला केवडा, न्हाणीच्या पाण्यावर मोगरा. मोगरा आणि जाई मात्र ती एकमेकींजवळ येऊ देत नसे. दोन्हींच्या मध्ये मरव्याची ओळ.

"सवती हाईत त्या," ती म्हणायची. "एक दुसरीचा वास खाती. मधी शाणा माणूस पायजे." मग माझ्याकडं बघून हसायची. "तुमच्यासारखा नव्हं."

वर्षाच्या आत थोरल्या बहिणीनं सांबऱ्याची मनुबाई बघितली. मला नको होतं. पण शेत, गुरं आणि चूल एकट्यानं होईना. आमच्याकडं दुसरी केली की पहिलीच्या नावानं चांदीचा टाक करतात, पत्र्यावर बाईची आकृती उमटवलेला, आणि तो नवरीच्या गळ्यात बांधतात. पहिलीचा राग नवीवर उतरू नये म्हणून. बांधताना नवऱ्यानं पहिलीला म्हणायचं असतं, "हिला सांभाळ." मी म्हणालो. मला सांभाळ, असं म्हणायची रीत नाही.

मनुबाईच्या माहेरी परसात तुळशीशिवाय काही नव्हतं. तरी आल्यावर थोड्याच दिवसांत तिनं दवणा उन्हातून काढून पाचेच्या झुडपांच्या आडोशाला नेला. जयवंता दरवर्षी तेच करायची.

"कुणी सांगितलं तुला?"

तिनं गळ्यातला टाक चाचपला. "आक्कानं."

नवी पोर, सवतीला भिऊन मान देते, असं मी धरून चाललो. पण ती भीत नव्हती. दुपारी मी सोप्यात पडलो की परसातून बोलणं ऐकू यायचं. आवाज मनुबाईचाच. ती बोलायची, थांबायची, "व्हय?" म्हणायची, पुन्हा थांबायची. मग हसायची. मी मागच्या दाराशी गेलो की एकटी पाणी घालत असायची.

आणि वास. जयवंता खोबरेल तेलात वाळा आणि मरवा कढवायची, तिच्या केसांना तो वास असायचा. मनुबाई करडईचं तेल लावायची. तरी ती समोरून गेली की मागं जयवंताचा वास राहायचा. मी जवळ गेलो की करडई. बाजूला झालो की पुन्हा जयवंता.

मी बागेत एकटा बसायला लागलो. डोळे मिटून, मोगरा मुठीत चुरून. काही नाही. मनुबाई घागर घेऊन आली की सगळं परस घमघमायचं. ती आत गेली की वास तिच्यामागं आत.

जिनं माझ्याबरोबर संसार केला ती माझ्याकडं येत नव्हती. जिचं तोंडही तिनं कधी बघितलं नव्हतं, तिच्याकडं येत होती.

एकदा मी दुधात भाकरी कुस्करत होतो. मनुबाई म्हणाली, "सावकाश खा रं रेडका." आणि जीभ चावली.

जयवंता मला रेडकू म्हणायची. दार लावल्यावर. ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

"आणि काय काय सांगितलंय तिनं?"

"बायकाबायकांचं असतंय ते. तुमाला काय करायचंय?"

"माझ्याबद्दल इचारती का?"

मनुबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"न्हाय," म्हणाली.

मी उठलो आणि टाक तिच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात बांधला. ती भांडेल असं वाटलं होतं.

"घ्या की," ती म्हणाली. "त्यात कुठं हाईत त्या?"

दुसऱ्या दिवशी मरव्याची ओळ उपटून टाकलेली होती. मोगऱ्याच्या आळ्यात जाई लावली होती, फांदीत फांदी घालून.

"मधी कुणी नको म्हणाल्या," मनुबाई हाताची माती झटकत म्हणाली.

श्रावणात तिचा भाऊ यल्लाप्पा पंचमीसाठी तिला न्यायला आला. ओल्या फडक्यात दोन्हींच्या फांद्या गुंडाळून ती गेली.

ती गेली आणि बाग कधी फुलली नव्हती इतकी फुलली. मी पाटी भरून खडेबाजारात नेली. हार करणाऱ्या बाईनं ओंजळ नाकाला लावली, दुसरी लावली, आणि फुलं पाटीत परत टाकली.

"वास कुठं ठिवून आलासा, सुबराव?"

मी पाटी उचलून निघालो, तर कासाराच्या दुकानात यल्लाप्पा उभा.

"दाजी! आमचं परडं नुसतं घमघमतंय बघा," तो म्हणाला. "पंचमीच्या बांगड्या न्यायला आलतो."

त्यानं मापासाठी दोऱ्याची दोन वेटोळी कासारापुढं ठेवली. एक मनुबाईच्या हाताचं. दुसरं फार लहान.

"हे कुठल्या पोरीचं?" कासार म्हणाला.

"पोरीचं न्हाय, आक्काचं. ती बी आलीया माहेराला."

जयवंताचा हात फार बारीक होता. मोठ्या बायकांच्या बांगड्या तिच्या हातातून गळून पडायच्या. यल्लाप्पानं तिला कधी बघितलं नव्हतं.

कासारानं दोन्ही जोड वेगवेगळे बांधून दिले.

"न्यायला कधी येताय?" यल्लाप्पानं विचारलं.

"येतो," मी म्हणालो.

आता दिवाळी आली. दोघींपैकी एकीचाही निरोप नाही. सांबऱ्याला जायचं अजून राहिलंय.