मागच्या दाराचा खडखडाट

जेवणं आटोपून सगळे गच्चीवर आले, तेव्हा मामांनी आधी तारीख सांगितली. बावीस नोव्हेंबर, बुधवार, रात्री पावणेदहा. तीस वर्षं ड्रायव्हरकी केलेला माणूस. ज्या गोष्टीला तारीख नाही ती थाप, असं त्यांचं साधं गणित होतं.

"भूत दिसलं तेव्हा घड्याळ बघत होतात का मामा?" धाकट्या भाच्यानं विचारलं.

"मी नव्हतोच तिथे. आणि दिसलं असं कोण म्हणालं? ज्याच्या बाबतीत घडलं तो मिस्त्री माझ्या ओळखीचा. पटत नसेल त्यानं खाली जाऊन झोपावं. जिन्यातला दिवा गेलाय, तेवढं बघून उतरा."

कुणी उठलं नाही. लग्न होऊन महिनाच झालेली सूनबाई कठड्यापासून जरा आत सरकली. या घरात किती मोठ्यानं हसायचं आणि किती मोठ्यानं घाबरायचं, हे तिचं अजून ठरायचं होतं.

मग मामांनी सांगितलं ते असं.

गाडीतला आवाज शोधण्यात त्या मिस्त्रीचा हात धरणारं कुणी नव्हतं. लोक त्याला 'आवाजवाला' म्हणूनच ओळखत. बाकीचे मेकॅनिक इंजिन उघडून बसायचे. हा गिऱ्हाइकाला चालवायला बसवायचा, स्वतः मागे बसायचा आणि खडखडेल तिथे तळवा दाबत जायचा. तळव्याखाली आवाज थांबला की दुखणं सापडलं. "आमच्या घरातलाही एक आवाज बंद करून द्या," असं बायकोवरून चेष्टा करणारं गिऱ्हाईक आठवड्याला एक तरी यायचंच. आतल्या खोलीतून मिस्त्रीची बायको सुनवायची, "आधी तुमचा बंद करा, त्यांना बोलावंच लागणार नाही!"

त्या रात्री शटर निम्मं खाली आलं होतं. मिस्त्री हात पुसत होता. वळणावरून जीप येताना ऐकू आली. खड्... खड्... खड्... आणि त्याचे हात पुसायचे थांबले. गाडी दिसायच्या आधीच त्यानं ती ओळखली होती.

डोंगरात, जिथे रस्ता संपतो त्याच्याही पुढे जाणारी ती जीप जमिनी मोजत फिरणाऱ्या एका मोजणीदाराची. मागचं दार कपाटासारखं बाजूला उघडणारं, आणि त्या दारावरच स्टेपनी टांगलेली. एवढं वजन वागवून दार खाली येतं आणि कडी झिजते. मे महिन्यात मोजणीदार हाच खडखडाट घेऊन आला होता. मिस्त्रीनं बॅटरी मारून पाहिलं, कडीचा दात निम्मा उरला होता. नवी कडी यायला दोन दिवस. मोजणीदार घाईत. तेव्हा मिस्त्रीनं टायरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, दुहेरी घडी करून कडीजवळच्या फटीत दाबून बसवला. आवाज गेला. दात तेवढाच राहिला.

"दोन दिवसांनी या, कडी बदलू," एवढंच सांगायचं होतं. पण मोजणीदारानं चक्कर मारून येऊन त्याचा हात हातात घेतला. "मिस्त्री, कान धन्य झाले हो! आईला शेजारी बसवून आणलं, तर ती आज पहिल्यांदाच गाडीत झोपली." असं कौतुक ऐकल्यावर 'हे तात्पुरतं आहे' म्हणायला जीभ वळली नाही. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाला. उद्या दुसऱ्या गाड्या आल्या.

नवव्या दिवशी खाणीकडच्या चढावर दार उघडलं. आई पुढे बसली होती, म्हणून मोजणीदाराचा धाकटा भाऊ मागे बसला होता. दाराला पाठ टेकून.

"मामा," भाची म्हणाली, "पुढचं नका सांगू."

"पुढचं मलाही नको आहे," मामा म्हणाले.

तर, त्या बावीस नोव्हेंबरच्या रात्री मोजणीदार गाडीतून उतरला. दाढी वाढलेली. बोलणं मात्र सरळ, सपाट, पत्ता सांगावा तसं.

"परत वाजायला लागलंय, मिस्त्री. दोन आठवडे झाले. फक्त रात्री."

"सकाळी बघतो साहेब."

"आत्ता बघा. घरी गेलं की आवाज आईला ऐकू जातो." तो थांबला. "त्या दिवशी निघताना आई म्हणाली होती, दार नीट लाव. मी म्हटलं लावलंय. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, समोर ठेवते, आत जाते. सहा महिने झाले." मग दाराकडे बघत म्हणाला, "मला वाटतं, मीच नीट लावलं नसणार. तुम्ही तर चांगलं करून दिलं होतंत."

मोजणीदाराचा भाऊ गेल्याचं कळल्यापासून मिस्त्रीला काही वाटायचंच बंद झालं होतं. जेवायचा, काम करायचा, झोपायचा. बायकोनं दोनदा विचारलं, मग तिनंही विचारणं सोडलं. आत्ताही छातीत काही हललं नाही. त्यानं बॅटरी घेतली आणि दारापाशी बसला.

ट्यूबचा तुकडा जागच्या जागी होता. घट्ट. त्यानं दोन्ही हातांनी दार हलवून पाहिलं. ढिम्म. हे दार वाजणं शक्यच नव्हतं.

"चालवा," तो म्हणाला, आणि मागे चढला.

गाव मागे पडेपर्यंत काही नाही. मग सुरू झालं. खड्... खड्... मिस्त्रीनं वरच्या बिजागरीवर तळवा दाबला. आवाज तसाच. खालच्या बिजागरीवर दाबला. तसाच. कडीवर दाबला. तसाच.

"सापडलं का?" पुढून मोजणीदार.

"नाही अजून."

खाणीकडचा रस्ता लागला. चढ सुरू झाला. मिस्त्रीनं अख्खं अंग दाराला टेकवलं, दोन्ही तळवे, खांदा. आणि मग त्याच्या लक्षात आलं. खड्ड्यात चाक गेलं की दार वाजत नव्हतं. सपाट रस्त्यावर वाजत होतं. खडखडाटाला गाडीची चाल नव्हती.

कुणीतरी बाहेरून दाराची मूठ ओढत होतं.

ओढ... थांब. ओढ... थांब. धाप लागल्यासारखं.

काचेतून स्टेपनी दिसत होती. तिच्यामागे अंधार. मागच्या दिव्यात लाल धूळ. दुसरं काही नाही. गाडी चाळिसाच्या वेगानं चालली होती.

"मिस्त्री?"

...

"मिस्त्री, काय आहे मागे?"

त्यानं दार धरून ठेवलं. दारानं त्याला ओढलं. कडीचा निम्मा दात डोळ्यांसमोर सरकताना दिसत होता. जरासा. परत जरासा. हे उघडलं तर आपण पडू, हे त्याला कळत होतं. भीती वाटत नव्हती. तेच वाईट होतं. हात सोडावेत असंही एकदा वाटून गेलं. सोपं होतं...

समोर आरशात मोजणीदाराचे डोळे दिसले. तो मागे बघत नव्हता. एका हातानं स्टिअरिंग धरून, दुसऱ्या हातानं शेजारच्या रिकाम्या सीटपलीकडचं पुढचं दार चाचपत होता. लागलंय का, लागलंय का. सवय झाल्यासारखा.

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "त्या दिवशी दार तुम्ही नीटच लावलं होतंत."

खडखडाट थांबला. अर्ध्यावर.

गाडीही थांबली. इंजिन बंद झालं. ती शांतता इतकी मोठी होती की मिस्त्रीला स्वतःचा श्वास दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"परत सांगा."

त्यानं सांगितलं. कडीचा दात. ट्यूबचा तुकडा. दोन दिवस. कौतुक. सगळं, मागेच, अंधारात बसून. मोजणीदार काचेतून समोर बघत राहिला. ओरडला नाही. अंगावर आला नाही. फक्त म्हणाला, "बरं."

मग गाडी वळवताना म्हणाला, "हे आईला सांगा."

पावणेबाराला ते घरी पोचले. आई जागीच होती, स्वयंपाकघराच्या दारात, हातात पुसायचं फडकं. मिस्त्रीनं उंबऱ्याबाहेर उभं राहून पुन्हा तेच सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. त्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फडक्याची घडी घातली. मोडली. परत घातली. मग मुलाकडे वळून म्हणाल्या,

"जेवलास का?"

मोजणीदार तिथेच, बूट न काढता, जमिनीवर बसला.

इकडे गच्चीवर सूनबाईच्या लक्षात आलं की धाकटा भाचा कधीचा तिच्या पदराचं टोक धरून बसलाय. तिनं ते सोडवून घेतलं नाही.

"मग मिस्त्रीचं काय झालं?" मोठ्या भाच्यानं विचारलं. "पोलीस?"

"स्वतः गेला चौकीवर. ते नंतरचं," मामा म्हणाले. "आधी ती सकाळ ऐका."

मिस्त्री रात्री चालत गॅरेजवर गेला. नवी कडी काढली, ती एव्हाना कधीच येऊन पडली होती. पहाटे साडेपाचला तो पुन्हा त्यांच्या दारात उभा होता. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हटकलंही नाही. जीप रात्रभर उघड्यावर उभी होती. थंडी पडलेली. टपावर, काचांवर, बॉनेटवर, स्टेपनीवर दवाचे थेंबच थेंब. त्यानं पान्हा काढला आणि मागचं दार उघडायला मुठीकडे हात नेला.

मूठ कोरडी होती.

बाकी सगळी गाडी भिजलेली. मुठीवर चार बोटं मावतील एवढी जागा तेवढी कोरडी.

त्यानं हात लावला... लोखंड कोमट होतं.