दिवेलागणीची दुसरी सूचना

किशोरला यातून मिळणार काय होतं, ते आधी सांगतो.

अकोल्यातल्या चार-पाच माणसांची मान डोलणार होती. एकदा. संपलं.

तेवढ्यासाठी जे झालं, ते खरं आहे. किशोर माझा साडू. त्याची थाप पकडण्यात मला जो आनंद होतो, तो दिवाळीतही होत नाही. ही पकडायला मी पार चांदूर बाजारापर्यंत जाऊन आलो.

पकडता आली नाही.

हे घडलं गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी. अकोल्याला, किशोरचा जोडीदार गोवर्धन याच्या घरी. दिवेलागणीची वेळ होत आली होती.

किशोर अमरावतीला विम्याच्या कचेरीत आहे. घरी मागच्या खोलीत व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओत लागायच्या त्या काचेच्या दिव्यांचे, अॅम्प्लिफायर बनवतो. मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्याला तो माणसात धरत नाही. बायकोनं, प्रणालीनं, स्वयंपाक करताना रेडिओ लावला की विचारतो, "कान हायेत का कोनाडे?"

पण त्याच्या स्वतःच्या यंत्राला खोड होती. चालू केलं की गाण्याआधी घुंऽऽ... बारीक, सतत.

अकोल्याचे त्याचे जोडीदार आधी स्पीकरला कान लावून तेच तपासत. गाणं मागाहून, जमलं तर. गोवर्धन एकदा म्हणाला, "किशोरभाऊ, मशीन बनवली का भुंगा पाळला?"

ते लागलं. किशोरनं निदान केलं, दोष ट्रान्सफॉर्मरचा. जुन्या काळचा, हातानं गुंडाळलेला हवा.

तो सापडला चांदूर बाजाराजवळच्या एका खेड्यात. तिथला पुंजाराम लग्नाकार्याला लाउडस्पीकर लावायचा. गावात कोणी गेलं तर तेही तोच सांगायचा. माइकवर दोन टिचक्या, एक खाकरणं, मग नाव. तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं त्याचं तोंड खाल्लं. शेवटी शेवटी जीभच उरली नव्हती. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

त्याची बायको मनकर्णाबाई झेंडू लावते, हार विकते. दिवा लावला की ती रोज पुंजारामचा लाउडस्पीकरचा सेट चालू करायची. माइक नाही, तबकडी नाही. नुसतं घुंऽऽ... त्याच्यासमोर बसून ती हार ओवायची.

"मावशी, याचं अर्थिंग गेलं. दुरुस्त करून आनतो," किशोर म्हणाला.

"दुरुस्त नोको करू, भाऊ. तो आवाज त्याईचाच हाय."

"हा करंटचा आवाज आहे, मावशी."

"असंन. बोलत नाई, पन बसून तं हाय."

किशोर हसला. गाडीतून आलेल्या माणसाला नाही म्हणायची सवय तिला नव्हती. सेट डिक्कीत गेला. ती फाटकापर्यंत आली.

"दिवा लावाच्या टायमाले चालू करत जा. त्याईले सवय हाय."

घरी येऊन किशोरनं ट्रान्सफॉर्मर काढला. बाकीचा सेट भंगारात गेला. मनकर्णाबाईला त्यानं एक ब्लूटूथ स्पीकर पाठवून दिला. आपण दिलदार आहोत, असं त्याला दोन दिवस वाटत होतं.

यंत्र तयार झालं. जिथून गाणं आत जातं ती दोन्ही भोकं त्यानं बूच लावून बंद केली. आवाज तपासायची हीच रीत. आत काही जाणार नाही, तर बाहेर फक्त यंत्राचा दोष येईल.

काहीच आलं नाही. मीटर शून्यावर. किशोरनं स्पीकरला कान लावला.

शांतता.

मग... कोणीतरी श्वास घेतला.

"कोन आलं वो?" स्वयंपाकघरातून प्रणालीनं विचारलं.

"कोनी नाही."

"खाकरलं ना कोनीतरी."

किशोरनं पुन्हा मीटर पाहिलं. शून्य. बायकोच्या कानापेक्षा त्याचा मीटरवर विश्वास.

रविवारी अकोल्याला पाचही जणांनी आळीपाळीनं कान लावले. गोवर्धन सगळ्यांत जास्त वेळ वाकून होता. शेवटी उठला. मान डोलावली.

"मानलं, भाऊ."

किशोरचं इथपर्यंत सगळं वसूल झालं.

तेवढ्यात गोवर्धनची बायको, रूपाली, आतून आली. देवापाशी दिवा लावला.

टक... टक...

"मोबाइल जोडला काय बे?" गोवर्धननं विचारलं.

किशोरनं बोट दाखवलं. दोन्ही बुचं जागेवर होती.

कोणीतरी खाकरलं. मग आवाज आला. जाड, ओला. जिभेशिवाय बोलल्यासारखा...

"गावकऱ्यांना कळवण्यात येते... मनकर्णाबाई पुंजाराम... यांचे आज निधन झाले आहे."

गोवर्धन दोन पावलं मागं सरला.

"दुसरी सूचना अशी की... अमरावती येथील..."

किशोरनं वायर उपटली.

व्हॉल्व्ह विझत गेले. बोलणं थांबलं. श्वास मात्र व्हॉल्व्ह थंड होईपर्यंत चालू होता. हे मला गोवर्धननं सांगितलं, आणि तो किशोरची बाजू घेणारा माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी किशोर ट्रान्सफॉर्मर घेऊन खेड्यात गेला. मनकर्णाबाई आदल्या दिवशी, दिवा लावून बसलेली असतानाच गेली होती. समोर सेटची रिकामी फळी. मांडीवर अर्धा हार. ब्लूटूथ स्पीकर खोक्यातच.

"आता कोनाले देता हे?" शेजारची जयवंता म्हणाली. "आयकनारी गेली."

तो ट्रान्सफॉर्मर परत अमरावतीला आला. फेकायची हिंमत नाही, जोडायची तर नाहीच. पलंगाखाली पडून आहे. कशालाच जोडलेला नाही.

तरी दिवेलागणीला... टक... टक...

कानाचा एवढा तोरा असलेल्या किशोरला ते ऐकू येत नाही. प्रणालीला येतं. रोज खाकरण्यापर्यंत येऊन थांबतं. अमरावती येथील कोण, ते पुढं येत नाही. त्या घरात अमरावतीचे दोघंच राहतात.

प्रणाली आता तुळशीपाशी दिवा भर उन्हात लावते, दुपारीच. संध्याकाळी घरात काडी ओढत नाही. पुंजारामला वाटावं, अजून वेळ झाली नाही.

मागच्या आठवड्यात मी तिकडे चहाला गेलो होतो. ऊन उतरायच्या आत निघालो. कारण विचारू नका.

मान डोलली ती किशोरसाठी. मोल एका बाईनं देऊन टाकलं. दुसरी रोज संध्याकाळी कानावर हात ठेवून देते आहे.