दुसरा पट्टा

पहिला पट्टा जमिनीपासून चौऱ्याऐंशी सेंटिमीटरवर आहे. रुंदी साधारण सात. पत्र्याचा मूळचा निळा रंग तेवढ्याच भागात दिसतो. वरखाली सगळीकडे पांढुरकी पूड.

कोंडाण्यातलं आमचं घर डोंगराच्या पायथ्याशी आहे. पावसाची झड पश्चिमेकडून येते, म्हणून चौदा वर्षांपूर्वी त्या भिंतीला बाहेरून रंगीत पत्रा ठोकून घेतला. उन्हाने रंगाचा वरचा थर विरतो आणि हात लावला की खडूसारखी पूड तळव्याला लागते. मी कर्जतला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मला त्यात नवल नाही. दरवर्षी दिवाळी झाली की मी भिंत धुते. अर्ध्या बादलीत दोन चमचे भांड्यांचा साबण आणि मऊ फडकं. धुवायचं खालून वर, कारण वरून सुरुवात केली तर घाण पाणी कोरड्या पत्र्यावर ओघळतं आणि त्या रेघा जात नाहीत. शेवटचं स्वच्छ पाणी मात्र वरून खाली.

पट्टा आईचा. काचबिंदूने तिची नजर तीन वर्षांपूर्वी गेली. रोज सकाळी ती पुढच्या दाराने बाहेर पडते, उजवा हात या भिंतीवर ठेवून मागे जाते, कोंबड्यांचं खुराडं उघडते आणि स्वयंपाकघराच्या दाराने आत येते. संध्याकाळी खुराडं लावायला पुन्हा तीच वाट, त्याच दिशेने. परतताना ही भिंत लागत नाही.

नऊ ते चार ती घरात एकटी असते. पडली तर? वर्गात फळ्यावर समीकरण लिहितानाही हे डोक्यात असतं. माझा चुलतभाऊ हर्षद तीन वर्षं सांगतोय, घर विक, कर्जत स्टेशनजवळ फ्लॅट घे, लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे. त्याचं चूक नाही. पण इथे आई चालते. तिथे खुर्चीत बसेल. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

दुसरा पट्टा मला गेल्या दिवाळीत दिसला. एकशे बारा सेंटिमीटरवर. कुणी गडी टेकला असेल, असं म्हणून मी तो धुऊन टाकला. मार्चच्या उन्हात पत्र्याने पुन्हा पूड धरली आणि दोन्ही पट्टे पुन्हा उमटले. मी टेप लावली. चौऱ्याऐंशी आणि एकशे बारा. चालताना माझा हात सहज नव्वदवर येतो. आमच्या घरात एवढं उंच कुणी नव्हतं. वडीलही माझ्याएवढेच होते.

मेमधल्या एका रविवारी सकाळी मी दोन्ही पट्ट्यांवर टाल्कम पावडर टिपली आणि आंब्याखाली जाऊन बसले. आई आली. भिंतीला हात लावून सावकाश गेली. एकटीच. खुराड्याची कडी वाजली तशी मी उठले.

दोन्ही पट्टे पुसलेले होते.

वरचा पट्टा जिथे सुरू होत होता तिथे पूर्ण पंजा उमटला होता. डावा. अंगठा वर, बोटांची टोकं पुढच्या दाराकडे, म्हणजे आई जिकडून येते तिकडे. पुसत गेलेली रेघ मात्र खुराड्याच्या दिशेला. मी माझा डावा हात तसाच ठेवून पाहिला. तसं चालायची एकच रीत आहे. आईकडे तोंड करून, उलट्या पावलांनी. नुकतं चालायला लागलेल्या मुलाला आपण नेतो तसं.

"आई, चालताना तुझ्याबरोबर कुणी असतं का गं?"

"कोन असनार?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "का गं? तुला कोन दिसलं?"

"नाही."

"मंग झालं तर."

जुलैत मागच्या शेवाळलेल्या पायरीवर तिचा पाय सरकला. मी घरी आले तर एक चप्पल खाली गटाराजवळ आणि आई कोरड्या लुगड्यात शेंगा सोलत बसलेली.

"पडले नाय गं. धरलं ना."

भिंतीला धरलं, असं मी समजले. पायरीपासून भिंत सव्वा मीटर लांब आहे, हे दुसऱ्या दिवशी मोजलं.

या दिवाळीनंतर मुंबईचं एक गिऱ्हाईक घर बघून गेलं. त्यांना रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. त्याच रविवारी मी भिंत धुवायला काढली. हर्षद पाइप धरायला आला.

"विकायच्या घराला येवढं घासतेस ताई? लग्नात नवरीला पन येवढं नाय घासत."

"पाणी वरून सोड. आणि बोलू नकोस."

"मी बोलनार. तू तीन वर्षं बोलत नायस, कोनीतरी बोलायला पायजे."

दोन वेळा धुतलं. तिसऱ्यांदा मी पांढरा रुमाल भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घासत नेला. रुमाल पांढराच राहिला म्हणून काही कळेना, तेव्हा काळी ओढणी घासून पाहिली. तीही काळीच राहिली. भिंतीवर पुडीचा कण नव्हता.

साडेपाचला आई खुराडं लावायला गेली.

हर्षद स्वयंपाकघरात चहा पीत होता. मी दाराशी उभी होते. आई आत आली, तसे मी तिचे दोन्ही हात धरले आणि दिव्याखाली नेले.

उजवा तळवा ओलसर होता. स्वच्छ.

डावा पांढरा होता.

तळव्यापुरता नाही. हाताच्या पाठीवर चार बोटं उमटली होती. मी माझी बोटं त्यांच्यावर ठेवली. ती माझ्यापुढे एक पेर गेली होती.

"तुजा हात गरम हाय गं," आई म्हणाली. जरा नवल वाटल्यासारखं.

ओट्यावर हर्षदचा फोन वाजायला लागला.

"त्यांचाच हाय," तो म्हणाला. "ताई, काय सांगू?"

मी आईचा हात सोडला नाही.

"नाही म्हणून सांग. आई इथंच राहील."